दोनशे चौदावी सीट

शेडमध्ये त्या सकाळी एक मोटरसायकल, एक लाकडी तुळई, दोन मोजपट्ट्या, निळ्या खडूचे साडेतीन तुकडे आणि पाच माणसं होती. पाचांपैकी तीन माणसं जमिनीवर पालथी पडून गाडीच्या पोटाकडे बघत होती. चौथी मी, वही घेऊन उभी. पाचवी आई. ती कोपऱ्यात तिच्या मशीनवर कुणाच्या तरी सीटचं कव्हर शिवत होती आणि तिची पाठ आमच्याकडे होती.

"खडू लागलाय," मास्तर म्हणाले.

"लागलाय म्हणजे? चांगला रंग दिलाय," बारक्याकाका म्हणाले.

बारक्याकाका वेल्डर. शेड त्यांची. वजन एकशे चार किलो, म्हणून नाव बारक्या. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी टाक्या रंगवायला घेतल्या आणि आमच्या मंडळींचे नियमही तेच लिहायला लागले. तिसरे बाबा. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण दोघं पालथे पडलेत म्हटल्यावर तेही पडले होते.

आमची मंडळी म्हणजे जुन्या मोटरसायकली कापून-जोडून आपल्या मनाजोगत्या करणारी वीस-बावीस माणसं. वर्षातून एकदा गोदामामागच्या मैदानात सगळे आपापल्या गाड्या आणतात. बक्षीस नसतं. चुन्याने आखलेलं एक वर्तुळ असतं. त्यात गाडी चालवत न्यायची, मधोमध उभी करायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. पण वर्तुळाच्या तोंडाशी ही तुळई आडवी ठेवलेली असते. दहा सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंनी तासून उतरती केलेली, माथ्यावर निळा खडू घासलेला. गाडी तिच्यावरून पलीकडे जायची. पोटाला खडू लागला तर गाडी पुतळा ठरते. पुतळे वर्तुळाबाहेर, दोरीपलीकडे उभे राहतात. लोक त्यांचेही फोटो काढतात, पण पुतळ्याच्या मालकाला दिवसभर तोंड लपवावंसं वाटतं.

सराव एकदाच मिळतो. पूर्वी कितीही वेळा करता यायचा. मग एका वर्षी एकाने सकाळपासून दुपारपर्यंत सराव करून तुळईच पाच मिलिमीटरने झिजवली. तेव्हापासून मास्तर शोच्या दोन दिवस आधी तुळई घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक गाडीला एक फेरी देतात.

आईच्या गाडीची ती एक फेरी नुकतीच झाली होती. बारक्याकाकांनी मोठ्या ऐटीत गाडी तुळईवरून नेली होती आणि पोटाखाली निळा पट्टा उमटला होता.

गाडी आईची, हे सांगायला हवं. आई मोटरसायकलच्या सीटा शिवते. बावीस वर्षं. शिवून झालेल्या प्रत्येक सीटच्या खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, ती लाल दोऱ्याने आकडा घालते. तोवर दोनशे तेरा झाले होते. शोमध्ये लोक इंजिनाला हात लावतात, टाकीत तोंड बघतात, सायलेन्सरला कान देतात. सीटवर फक्त बसतात. "सीट म्हणजे बसायची वस्तू, बघायची नव्हे," असं आई स्वतःच म्हणते आणि हसते.

शिवून झालं की ती स्वतः एकदा बसून बघते. आईची उंची एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर. गाडी स्टँडवर, आई वर आणि पाय लोंबकळत, उंच खुर्चीवर बसवलेल्या लहान मुलासारखे. दोनशे तेरा गाड्यांवर बसली, एकीवरूनही तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तिने भंगारातून एक गाडी घेतली. बारक्याकाकांकडून चौकट मागून कापून घेतली, मागचे शॉकअप्सर आखूड घातले, पुढचं चाक धरणारा फोर्क वर सरकवला. सीटची उंची ऐंशी सेंटिमीटरवरून चौसष्टपर्यंत आली. बाकीचं तिनेच केलं. इंजिन तीनदा खोललं. दोनदा गरज होती म्हणून आणि एकदा बघायचं होतं म्हणून. गाडी बसकी झाली, लांबट, दारात ऊन खात पडलेल्या मांजरासारखी. दिसायला फार छान. पण सीट खाली आली तसं पोटही खाली आलं.

"वीस मिलिमीटर उचलू," बारक्याकाका उठून गुडघे झटकत म्हणाले. "मागे लांब शॉकअप्सर टाकतो, पुढे फोर्क सोडतो. संध्याकाळपर्यंत काम संपलं. काय गं, तुझी वही काय म्हणते?"

वहीत मी सगळं लिहिलेलं होतं. रिकाम्या गाडीच्या पोटाखाली एकशे सोळा मिलिमीटर. काका बसल्यावर नव्वद. तुळई शंभर. "दहा कमी पडतात," मी म्हटलं. "वीस उचलली तर दहा शिल्लक राहतील."

"बघा. शास्त्रसुद्धा माझ्याच बाजूने आहे."

बाबा खोकले. ते अजून पालथेच होते.

मशीन थांबलं. आईने दोरा दाताने तोडला आणि मान न वळवता विचारलं, "वजन कुणाचं धरलंत?"

मी वहीत पाहिलं. 'स्वार: १०४ किलो' असं माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं.

"म्हणजे?" बारक्याकाका म्हणाले. "वर्तुळात गाडी मीच नेणार ना, वहिनी?"

"असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे… मग नेणार कोण?"

आई वळली. तिने चष्मा कपाळावर ढकलला. "भाऊजी, मी चौदाशे रुपयांचं हेल्मेट घेतलंय, ते काय भाजी आणायला?"

"पण तुम्हाला चालवता कुठे येते?"

बाबा आता उठून बसले. "मी काही बोललो नाही हं," ते आईला म्हणाले आणि मग स्वतःहूनच सगळं बोलून टाकलं. गेले सात आठवडे, मी प्रयोगशाळेत कामावर असताना, दुपारी त्यांची टपाल वाटायची पाळी संपली की दोघं गाडी ढकलत गोदामामागच्या मैदानात जात होते. आई चालवायची आणि बाबा शेजारून पळायचे. बाबा एकोणिसाव्या वर्षी दुचाकीवरून पडले, त्यानंतर कधी बसले नाहीत. सगळीकडे पायीच जातात. "सुरुवातीला मी तिला धरायला पळत होतो," ते म्हणाले. "तिसऱ्या आठवड्यापासून तिला गाठायला पळतोय." त्यांनी बुटाचा तळ वर करून दाखवला. टाचेचं रबर संपून आतला थर दिसत होता.

"अहो, पाय खाली घ्या," आई म्हणाली. "मास्तरांसमोर."

मास्तर मात्र वहीकडे बघत होते. त्यांनी अर्जांची चळत काढून आईचा अर्ज वर घेतला. 'चालवणार' या रकान्यात तिने स्वतःला लिहिलं होतं. अर्ज महिन्यापूर्वीचा. तो मास्तरांनी घेतला होता, बारक्याकाकांनी पाहिला होता, मी तर टाचणी लावली होती. तिघांनीही तो रकाना वाचला नव्हता.

"बसा बाई," मास्तर म्हणाले.

आई बसली. मी पालथी पडले आणि पोटाखालचं अंतर मोजलं. काकांचं वजन एकशे चार आणि खचणं सव्वीस, म्हणजे चार किलोला एक मिलिमीटर. आई शेहेचाळीस किलोची. साडेअकरा खचायला हवी. मोजपट्टी एकशे चार आणि पाचच्या मध्ये थांबली.

"साडेचार मिलिमीटर वर," मी खालूनच ओरडले.

"हे उभ्या गाडीचं झालं," मास्तर म्हणाले. "पुढचं चाक तुळईवरून उतरताना गाडीचं नाक बुडतं. जोरात उतरली तर तुमचे साडेचार कुठच्या कुठे जातील. आणि सराव आता संपलाय. एकाला सूट दिली की उद्या बावीस जण उभे राहतील."

"मागतच नाही सूट. हळू उतरेन."

"हळू म्हटलं की तोल जातो, वहिनी," बारक्याकाका कळवळून म्हणाले. "मग पाय टेकवावा लागतो."

"तेच तर," आई म्हणाली. "म्हणूनच उचलायची नाही. टाच टेकते का बघ गं."

मी फिलर गेज आणलं. ते म्हणजे चाकूसारखी उघडणारी पोलादी पात्यांची जुडी. प्रत्येक पात्याची जाडी ठरलेली, फटीत कोणतं जातं त्यावरून फट कळते. आईने आपल्या रोजच्या सपाट चपला घातल्या होत्या. चवडे पक्के टेकले होते, टाचा अधांतरी. मी पात्यांवर पाती रचत गेले. उजव्या टाचेखाली चार मिलिमीटर. डाव्या टाचेखाली चारला थोडं कमी.

गाडीवर तेव्हा कामचलाऊ सीट होती, गोणपाटात गुंडाळलेला फोम. खरी सीट व्हायची होती.

"चार मिलिमीटर माझ्याकडे द्या," आई उतरत म्हणाली. "चार मी फोममधून काढते. वीस काढायला सांगाल तर मला पत्र्यावर बसावं लागेल."

बारक्याकाकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. काही सापडलं नाही की ते जसे रागावतात तसे रागावून म्हणाले, "आणि खडू लागला तर?"

"तर पुतळा. माझाच पुतळा. लोक फुलं वाहतील."

दुसऱ्या दिवशी आईने सीट शिवली. मी सुट्टी घेऊन बघत बसले. तिने फोम वरून फारसा काढलाच नाही. तिने तो बाजूंनी काढला, पुढच्या टोकाला, जिथे मांड्या येतात. मी विचारलं, तर म्हणाली, "सीट रुंद असली की पाय आधी बाजूला जातो आणि मग खाली. ती वाट आखूड केली की पाय आपोआप लांब होतो." मला हे भूमितीत पाच वर्षं शिकवलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं. शेवटी तिने सीट उलटी केली आणि खालच्या बाजूला लाल दोऱ्याने आकडा घातला. २१४.

शोच्या दिवशी मैदानात बावीस गाड्या होत्या. आईचा क्रमांक अकरावा. तोवर दोन पुतळे झाले होते. त्यातला एक बारक्याकाकांचा. त्यांच्या नव्या गाडीचं पोट खडूने निळं झालं होतं आणि ते दोरीपलीकडे हाताची घडी घालून उभे होते.

"काका, वजन कुणाचं धरलं होतं?" मी विचारलं.

"गप बस. जेवून आलो ती चूक झाली."

आई तुळईकडे आली. गाडी चालत होती, पण बाबांच्या चालीनेच. बाबा दोरीच्या या बाजूने तिच्या बरोबरीने चालत होते. पळायची सवय, पण आवरून धरलेली. मास्तरांनी माथ्यावर नवा खडू घासला. पुढचं चाक चढलं. माथ्यावर आईने जवळजवळ गाडी थांबवली. हँडल किंचित डावीकडे गेलं, तिचा डावा पाय खाली आला, तुळईच्या अलीकडे जमिनीवर टेकला आणि परत वर गेला. टाका घालताना मशीनचं चाक हाताने फिरवून ती सुई कापडात उतरवते, तसं तिने पुढचं चाक जमिनीवर उतरवलं. नाक बुडलं, पण थोडंच. मग मागचं चाक चढलं, उतरलं आणि गाडी पलीकडे गेली.

मास्तर पाठीवर आडवे झाले आणि त्यांनी आरसा पोटाखाली धरला. आरसा पुढून मागे नेला, मागून पुढे आणला. मग झोपूनच अंगठा वर केला. दोरीभोवती शिट्ट्या सुरू झाल्या. त्यातली सर्वांत मोठी बारक्याकाकांची होती.

आईने गाडी वर्तुळाच्या मधोमध नेली आणि बंद केली. तिथे प्रत्येक जण गाडीबद्दल बोलतो. आधीच्या माणसाने कार्ब्युरेटरवर अकरा मिनिटं घेतली होती. आईने हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि चौफेर पाहिलं.

"सीट मी शिवलीय," ती म्हणाली.

लोक वाट बघत राहिले. ते तेवढंच होतं, हे कळल्यावर हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. कुणीतरी आपल्या गाडीची सीट उपसून उलटी धरली आणि ओरडलं, "माझी एकशे एकोणनव्वद!" दुसरा म्हणाला, "त्र्याहत्तर! अजून एक टाका उसवला नाही!" मग बऱ्याच सीटा उलट्या झाल्या. आईच्या आधी वर्तुळात गेलेल्या आठ गाड्यांमध्ये लाल आकडे सहा होते. दोरीपलीकडे दोन.

"ते सगळं खरं," बारक्याकाकांचा आवाज आला. "पण वहिनी, चवड्यांवर तर उभ्या नाही ना? आम्हाला इथून दिसत नाही!"

"या आणि बघा!"

"पुतळ्याच्या मालकाला आत येता येत नाही! पोरीला पाठवा. तिच्याकडे हत्यार आहे!"

मी आत गेले. बाबांनी माझी वही धरली. आई सरळ समोर बघत बसून होती, हात हँडलवर, पायांत त्याच सपाट चपला. वर्तुळाच्या मध्ये जमीन टणक आणि सपाट होती. मी गुडघ्यांवर बसले आणि सर्वांत पातळ पातं उघडलं, मिलिमीटरच्या विसाव्या भागाचं. उजव्या टाचेखाली ते घालून पाहिलं. गेलं नाही. डाव्या टाचेखाली घालून पाहिलं. तिथेही गेलं नाही.