डाव्या बाजूचं दार

मी बोलतेय, गॅरेजमधली करडी गाडी. घाबरू नका, गॅरेजला कुलूप आहे आणि मी आज कुठेही जाणार नाही. वय बावन्न, रंग मात्र अजून मूळचाच, हे आधीच सांगून टाकते. गेल्या महिन्यात माझी किंमत ठरली. ती कशी ठरली, तेच सांगायचंय.

कारखान्यातून बाहेर पडले आणि पहिल्याच मालकाकडे रुळले, ती कायमची. मालक इमारतींचे नकाशे काढायचे. रेघ केसभर सरकलेली त्यांना खपायची नाही. मला पुसायलाही बसले की तास-दीड तास कुणाचं ऐकायचे नाहीत.

अशा माणसाने माझी एक खोड मात्र कधीच दुरुस्त केली नाही. मालकांच्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या डाव्या दाराचं आतलं हँडल तुटलं. दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. मिस्त्री म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे." मालक म्हणाले, "राहू दे. मी आहे ना उघडायला."

पुढची एकेचाळीस वर्षं हेच चाललं. गाडी थांबली की मालक उतरायचे, माझ्या बॉनेटला वळसा घालून यायचे आणि दार उघडायचे. तोवर मालकीणबाई आत बसून ओरडायच्या, "अहो, या लवकर! इथेच म्हातारी करताय का मला?" बघणाऱ्यांना वाटायचं, काय अदबशीर नवरा आहे! आम्ही दोघी मनातल्या मनात हसायचो.

मग एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर, बाईंच्या छातीत कळ आली. इस्पितळ अकरा किलोमीटरवर. मालकांनी मला अशी कधी पळवली नव्हती. पोर्चमध्ये त्यांनी दार उघडलं. उतरताना बाई म्हणाल्या, "गाडी इथेच ठेवा हं. परत जाताना मला पायी चालायला लावू नका."

त्या परत आल्याच नाहीत. मालकांना शेजाऱ्यांनी घरी नेलं. मला तीन दिवसांनी मिस्त्रीने आणलं. डावी सीट रिकामी. बाईंना घरी आणायचं राहूनच गेलं, आणि ते माझ्या मनातून काही केल्या जाईना.

त्यानंतर मालकांनी मला बाहेर काढलं नाही. दर रविवारी सकाळी येऊन बसायचे, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, डाव्या सीटशी चार गोष्टी बोलायचे आणि आपल्या बाजूने उतरून जायचे. डाव्या दाराला त्यांनी हात लावला नाही.

यंदा गॅरेजच्या छपराचा वासा माझ्या मडगार्डवर कोसळला. विमा कंपनीने कळवलं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होतोय, भंगारात द्या. साध्या पॉलिसीत माझी किंमत दरवर्षी उतरत गेली होती म्हणे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांनी पदरचे पैसे घालून, मिस्त्रीला घरीच बोलावून मला नीट केलं, पण त्यांनी धसका घेतला.

लेक म्हणाली, "बाबा, विकून टाका ना आता."

"छे! आणि साध्या पॉलिसीवर ठेवली तर पुढच्या वेळी एवढ्याशा पोच्यासाठी नेतील तिला. आपण ठरलेल्या किमतीची पॉलिसी घेऊ. कंपनीने आणि आपण बसून आकडा ठरवायचा. वर्षभर तो उतरत नाही."

त्यासाठी फोटो हवे होते, कुलूपबंद गॅरेज हवं होतं, आणि गाडी किती चालते याचं मालकाच्या सहीचं निवेदन. मालकांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'चार वर्षं होत आली, गाडी जागची हललेली नाही.'

कंपनीचा सर्व्हेअर आला. मिस्त्री दरवर्षी घरी येऊन ऑइल बदलायचा आणि मीटरचा आकडा बॉनेटच्या आत चिकटवलेल्या कार्डावर लिहायचा. सर्व्हेअरने ते कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं.

"साहेब, गाडी हलली नाही म्हणता. इथे दरवर्षी बरोब्बर बावीस किलोमीटर वाढलेत."

लेकीचा चेहरा पडला. "बाबा, तुम्ही चालवता? या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी?"

"नाही गं. तुझी शपथ."

आयुष्यभर ज्यांच्या आकड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर आज कुणाचा विश्वास बसेना. सर्व्हेअर अवघडून म्हणाला, "निवेदन खोटं निघालं तर पॉलिसी रद्द होते. मी पुढच्या आठवड्यात परत येतो."

लेकीने माझी किल्ली, गॅरेजची किल्ली आणि बॅटरी, तिन्ही स्वतःच्या घरी नेल्या. "पुन्हा आकडा वाढला तर गाडी विकायची, बाबा." मालकांनी मान हलवली. काय करणार बिचारे!

सर्व्हेअरने जो दिवस दिला, तो नेमका बाई गेल्या तोच दिवस होता.

मी कशी जाते, विचारू नका. मलाही ठाऊक नाही. वर्षातून एकदा, त्याच दिवशी, घर जेवून लवंडलं की माझी चाकं रस्त्यावर असतात. चौकातला पोलीस हात दाखवून थांबवतो, मग सोडतो. स्टिअरिंगवर त्याला कोण दिसतं, देव जाणे. इस्पितळाच्या पोर्चमधला वॉचमन सवयीने माझं डावं दार उघडतो. सीट दबते. आम्ही घरी येतो. मग आतून हाक सुरू होते, "अहो, या लवकर!"

कोणी येत नाही. दिवेलागणीपर्यंत त्या बसून असतात. मग सीट हळूहळू गार पडते.

त्या दिवशी चार वाजता तिघं आले. सर्व्हेअरने बॉनेटवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. "गरम आहे."

"बॅटरी माझ्या घरी आहे," लेक पुटपुटली. तिने बापाची बाही घट्ट धरली.

आकडा बावीसने वाढला होता. डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती. काही सुचेना म्हणून सर्व्हेअर आपली यादी पुढे वाचू लागला. "डाव्या दाराला आतून हँडल नाही. असं का?"

"लागलंच नाही कधी. मीच उघडायचो..."

मालक बोलता बोलता थांबले. काचेकडे बघत राहिले. मग माझ्या अंगावर हात टेकत, बॉनेटला वळसा घालून, सावकाश आले.

"आलो गं," म्हणाले आणि दार उघडलं.

सीटची स्प्रिंग वर आली. मालकांनी कोपर जरासं बाहेर काढलं. "सांभाळून. पायरी आहे." लेक मागे सरत घराच्या दारापर्यंत गेली होती. ती अंग चोरून बाजूला झाली, दोघांना जाता येईल एवढी.

सर्व्हेअरने जुनं निवेदन घडी करून खिशात टाकलं. मग त्याने नवं निवेदन लिहिलं, 'वर्षातून एकदा जाते,' आणि मालकांची सही घेतली. किंमत ठरली. चांगली ठरली. सोमवारी मिस्त्रीने हँडल बसवलं, दहाच मिनिटांत.

आता रविवारी मालक इकडे फिरकत नाहीत. व्हरांड्यात दोन कप चहा निघतो, असं लेक मिस्त्रीला सांगत होती. मला आनंद आहे. पण खरं सांगते, डावी सीट फार गार लागते.

तुमच्याकडे एखादी जुनी गाडी असेल, तर तिची किंमत जरूर ठरवून घ्या. पण त्याआधी एकदा वळसा घालून जा आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडा. आत कोणी हाका मारत असेल, तर तुम्हाला ऐकू येणार नाही. आम्हाला येतं.