मागच्या दाराचा मूळ रंग

बाबांनी आमची जुनी गाडी विकायला काढली होती आणि ती घ्यायला तयार झालेल्या डॉक्टर शौकींना शब्द दिला होता की गाडी फाब्रिका आहे. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचाच रंग, कुठेही नवा हात फिरवलेला नाही. आमच्या तांता शहरात नवरदेवाच्या पगाराबद्दल खोटं बोललेलं खपतं, गाडीच्या रंगाबद्दल नाही. शुक्रवारी डॉक्टर रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन गाडी बघायला येणार होते. त्याआधीच टरबुजांच्या गाढवगाडीचा दांडा मागच्या दाराला लागला आणि पोचा आला.

रंग उडाला नव्हता, पत्रा तेवढा आत गेला होता. तो आतून दाबून, रंग न लावता सरळ करणारा माणूस हवा होता. मी गल्लीत विचारलं, तिथेच चुकलं. 'माहीत नाही' म्हणणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात, त्यामुळे प्रत्येकाने एकेक नाव सांगितलं. औषधवाल्याने त्याच्या मेहुण्याकडे धाडलं. तो फ्रिज दुरुस्त करतो, हे तिथे पोचल्यावर कळलं. पुढच्याने दार लांबूनच बघितलं आणि सबंध बाजू रंगवायला सांगितली. त्याच्या पुढच्याने दाराकडे बघितलंच नाही. मी काय शिकले ते विचारलं, आणि पदार्थविज्ञान म्हटल्यावर लग्न का जमत नाही याचं कारण त्याला लगेच सापडलं.

उस्ता, म्हणजे मिस्त्री, आशूर मात्र खरा कारागीर निघाला. दाराचं आतलं अस्तर काढून त्याने वाकडी सळई घातली आणि पत्रा हळूहळू बाहेर दाबत आणला. नंतर मी बोट फिरवून पाहिलं, पोचा कुठे होता ते कळेना. रंग लावू नका, असं मी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं. तो दर वेळी छातीवर हात ठेवून हसला.

तेवढ्यात गाडी न्यायला बाबा आले. उस्ताच्या मुलाला बाबांनीच शाळेत गणित शिकवलंय हे त्याला कळलं, मग काय, चहा घेतल्याशिवाय सुटका नव्हती. त्याने आम्हाला समोरच्या कहव्यात, म्हणजे चहा-कॉफीच्या दुकानात, बसवलं. परत आलो तर दार ओल्या रंगाने चकाकत होतं.

"एक बारीक ओरखडा होता," उस्ता म्हणाला. "मास्तरांची गाडी तशी कशी पाठवू? रंग माझ्याकडून भेट."

"उस्ता, मी रंग नको म्हणाले होते."

"म्हणालात ना, बाई. इतक्यांदा म्हणालात की मी ओळखलं, चांगल्या घरची मुलगी, संकोच करतेय."

बाबांनी त्याचे आभार मानले. भेटीला दुसरं काय म्हणणार? रस्ताभर मी धुमसत होते. घरी येताच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, मागचं एक दार रंगवलेलं आहे. बाकी सगळी फाब्रिका."

"मास्तर," पलीकडून डॉक्टर हसले, "एक दार कबूल करणाऱ्याची चारही रंगवलेली असतात. गाडी कशाला धडकली होती?"

"कशालाच नाही. यंत्र आणा, मोजून बघा."

"मग चांगलं दार रंगवलंत कशाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको नको म्हटलं. पटेल असं काहीतरी सांगा, अशी खूण केली. पण आता उस्तासारखाच त्यांनीही माझा नकार मानला नाही.

"भेट मिळाली," बाबा म्हणाले.

फोन बंद झाला. शुक्रवारी कुणी आलं नाही.