खिडकीच्या टेकूने उगवलेला सूड

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. घडायचे ते घडून गेले.

मी एक जुनी छडी आहे. मारायची नव्हे, दाखवायची. स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंनी मला तासून, तेल पाजून घडवले. स्वतःच्या हातातल्या पुस्तकावर मला टेकवून त्या म्हणत, "एस्ते लिब्रो. हे माझ्याजवळचं." मग समोर शिकायला बसलेल्या शिंपीकाकांच्या बाकावरच्या पुस्तकाला माझे टोक लावत. "एसे लिब्रो. ते तुमच्याजवळचं." शेवटी मला दूरच्या कपाटाकडे रोखत. "आकेल लिब्रो. ते दोघांपासूनही लांबचं."

शिंपीकाकांच्या परदेशातल्या नातीला मराठी येत नव्हते, म्हणून आजोबा या वयात स्पॅनिश शिकत होते. "बाई, तुमची छडी माझ्या टेपपेक्षा चोख मापते हो!" ते म्हणाले, तेव्हा मी आठवडाभर फुगून बसले होते.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. मला पाहून हसले. "हे लाकूड कशाला? इथे काय गुरं हाकायचीत?" आणि मला चक्क खिडकीखाली टेकू म्हणून खुपसले! ऊन खाल्ले, पाऊस खाल्ला, पण अपमान काही पचला नाही.

सर खुर्चीतून हलत नसत. पुस्तक, पेन, छत्री, सगळ्यांची चित्रे समोरच्या पडद्यावर. सगळी सारखीच लांब. वर्ग बिचारा प्रत्येक वस्तूला "आकेल, आकेल" घोकू लागला. मला सगळे दिसत होते. मनात म्हटले, भरू दे मेल्याचा घडा.

एके दिवशी संचालिकाबाई वर्ग तपासायला आल्या. त्यांनी शिंपीकाकांच्या हातात पेन दिले. "सांगा, हे काय आहे?"

"आकेल बोलीग्राफो!" काका ठणकावून म्हणाले.

"अहो काका, आकेल म्हणजे पार तिकडचं. हे तर तुमच्या मुठीत आहे!"

"काय करणार बाई, आमच्या सरांकडे सगळंच तिकडे असतं."

वर्ग खो खो हसला. सरांचे तोंड पाहण्यासारखे झाले. पण एवढ्याने माझे पोट भरते होय? मी खिडकीतून अशी सुटले की तावदाने थरथरली! खुर्चीपाशी पाठीत पहिला सपका, "एस्ते!" दारात दुसरा, "एसे!" सर जीव घेऊन रस्त्यावर पळाले, तर वळणावर गाठून तिसरा, "आकेल!" त्यानंतर त्या माणसाने या वर्गात पाऊल टाकले असेल तर शपथ! म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूला हिणवू नका, तिची निगा राखा, नाहीतर...

"ए छडीआजी, थापा पुरे!" पहिल्या बाकावरची चिमुरडी ओरडली. "मग तुला हातात धरून उभे आहेत ते तेच सर नाहीत का?"