पोलक्याचं माप

“पोलक्याचं माप उभ्यानं देऊ नकोस. बसून दे, मांडीवर ताल धरून, वरचा सा लावून.” आम्हाला गाणं शिकवणाऱ्या कोमळम टीचर हे सांगायच्या तेव्हा आम्ही शिष्या पदराआड हसायचो. त्या देवाघरी गेल्या, मला गाणं काही लाभलं नाही, तंबोरा तेवढा हातात राहिला. त्यांचं वाक्य मी माझ्या भाचीला, अबिरामीला दिलं.

मार्गळी महिन्यात, ऐन गाण्याच्या हंगामात, कुंभकोणमच्या संगीतसभेत तिची पहिली मोठी मैफल ठरली आणि तिच्या सासूबाई, सरसम मामी, हरखून गेल्या. सुनेला न सांगता त्यांनी कांचीचं जड रेशीम आणलं, तिच्या लग्नातलं पोलकं मापाला देऊन नवं शिवून घेतलं. आतून अस्तर, पाठीला हुक. मैफलीच्या दिवशी सकाळी ते तिच्या हातात ठेवलं.

“उभी राहा बघू! अगदी देवीच दिसतेस.”

उभ्यानं अंगात नीट बसत होतं खरं. अबिरामीनं माझ्याकडे पाहिलं. पण इतक्या मायेनं आणलेल्याला नाही कसं म्हणायचं?

मंचावर मांडी घातली आणि तेच पोलकं बरगड्यांना आवळू लागलं. तालासाठी हात उचलला की बाही काचायची. पहिल्याच रचनेत तिनं वरचा सूर अर्ध्यावर सोडला. मृदंगवाल्या अण्णांनी भुवई उचलली.

“अत्तै,” मागं तंबोरा घेऊन बसलेल्या मला, तिच्या आत्याला, ती झुकून पुटपुटली, “श्वास पोटात उतरतच नाही. पुढं रागविस्तार कसा करू?”

“हुक सोडू?”

“नको! सगळं खांद्यावरून घसरेल.” गर्दीमुळे मंचावरही रसिक आमच्या मागं दाटीनं बसलेले. मी तारा छेडत राहिले आणि देवीला आळवत राहिले.

दुसऱ्यांदाही सूर तुटला, तशी पहिल्या रांगेतल्या मामींची मान खाली गेली. मग त्या उठल्या. अंगावरची शाल काढून पायऱ्या चढून थेट मंचावर आल्या. लोकांना वाटलं, सत्कार! टाळ्या पडल्या. मामींनी शाल सुनेच्या खांद्यांवरून पाठीपर्यंत पांघरली आणि आडोसा धरून माझ्या कानाशी म्हणाल्या, “सोडा हो ते हुक लवकर. माझ्या हौसेनं पोरीचा गळा धरलाय.”

मी एका हातानं तारा छेडत दुसऱ्यानं हुक सोडले. अबिरामीनं खोल श्वास घेतला. तिची पाठ फुललेली मला शालीवरून दिसली. त्यानंतर वरचा सा लागला तो असा, की अण्णा मृदंगावरचा हात विसरून “आहा!” म्हणाले.

घरी येताना मी मामींना टीचरांचं वाक्य सांगितलं.

“आधी नाही सांगायचं?”

“तुम्ही विचारलंत कुठं? चोरून शिवलंत!”

तशा त्या हसल्या. “बरं बाई. आता तसंच माप देववीन. शब्द माझा.”

दुसऱ्या पहाटे देवळाची प्रदक्षिणा आटोपून मी दारात रांगोळी पुरी करत होते, तर मामी आमच्या घरावरून निघालेल्या. हातात पिशवी, काखेत लाकडी पाट, मागं पेंगुळलेली अबिरामी.

“पाट कशाला, मामी?”

“शिंप्याकडे नुसतं स्टूल आहे. त्यावर मांडी कशी घालणार ही?”

माझी रांगोळी मोडू नये म्हणून दोघी कडेनं वळसा घालून, पाय न वाजवता, शिंप्याच्या घराकडे चालू लागल्या.