काचवाल्याचं नाव

"स्वर्गाला एकच दार? आणि आग लागली तर माणसांनी पळायचं कुठून?" काच कापायची हिरकणी ओढता ओढता काचवाल्याने विचारलं.

"आग बाहेर लागलीय, बाबा. म्हणून तर आत ये म्हणतोय," पाद्री म्हणाला.

पाद्री कसला, फोटोंना चौकटी करणारा साधा माणूस. पण ख्रिस्तावाचून तारण नाही यावर त्याची ठाम श्रद्धा, आणि पोटात काही ठेवायची सवय नाही. म्हणून भागीदार असलेल्या काचवाल्याने हे नाव ठेवलं आणि गल्लीने ते उचलून धरलं. दुकानात चौकट याची, काच त्याची. सगळ्या धर्मांची दैवतं तिथे चौकटीसाठी येत. पाद्री त्यांतल्या कुणापुढे हात जोडत नसे, पण कुणाच्या चौकटीच्या कोपऱ्यात फटही राहू देत नसे. काचवाला मात्र झाडून सगळ्यांना नमस्कार करी. "कोण कधी उपयोगी पडेल, सांगता येतं का?" म्हणे. यावरून दोघांचं जन्मभर वाजलं. डबे मात्र एकत्रच उघडत.

पाद्री भांडत असे, पण त्यामागे निव्वळ भीती होती. आपण वर पोचलो आणि हा गडी तिथे दिसलाच नाही, तर?

मग काचवाल्याची फुप्फुसं थकली. दवाखान्यात पाद्री रोज दुपारी त्याच्या उशाशी जाऊन बसू लागला. एकदा काचवाला आपणहून म्हणाला, "सांग बरं, काय म्हणायचं असतं ते. म्हणून टाकतो."

पाद्री हरखला. ज्याच्यासाठी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. त्याने मित्राचा हात घट्ट धरला. मग विचारलं, "का रे पण? पटलं तुला?"

"पटायचं काय त्यात? तुझ्या जिवाला घोर नको."

"म्हणजे माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? तुझ्या येशूची नि माझी ओळख तुझ्यामुळेच ना!"

"तसं नाही चालत रे," पाद्री म्हणाला. "माझ्यासाठी नको म्हणूस."

"कमाल आहे! मी दारापर्यंत आलो, तर तूच कडी लावतोस?" काचवाला हसला, हसता हसता खोकला. पाद्रीचे डोळे भरून आले, तेव्हा काचवाल्यानेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच आठवड्यात काचवाला गेला. म्हणू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न पाद्रीला जेवू देईना. पण खोटं म्हणवून घेतलं असतं, तर तेही त्याच्या घशाखाली उतरलं नसतं.

सकाळी कामाला निघण्याआधी तो आणि त्याची बायको प्रार्थनेला बसत. त्यांच्या चर्चच्या मंडळीत मागणं मागायचं ते जिवंत माणसांसाठीच. गेलेल्याचा निवाडा झालेला, त्याच्यासाठी शब्द टाकायचा नाही, अशी शिकवण. तरी आजाऱ्यांची नावं घेताना सवयीने काचवाल्याचं नाव तोंडून निघून गेलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली.

"चुकलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने ते नाव पुन्हा घेतलं. या वेळी सावकाश, वडिलांच्या नावासकट पूर्ण घेतलं. बायकोने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग ते मिटून घेतले आणि म्हणाली, "आमेन."