लिंबाआडची कट्यार

मित्रांनो, मी एक जुनी कट्यार आहे. सध्या माझा मुक्काम ग्वाल्हेरच्या एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्तीच्या सामानात, चोरीच्या मोटारसायकलींशेजारी आहे. जयेंद्रगंजच्या एका सरदार घराण्यात मी पिढ्यान्पिढ्या मिरवले. दसऱ्याला हळदकुंकू, एरवी मखमली म्यान. लाड फार झाले माझे.

गेल्या निवडणुकीत नया बाजारात दोन घराणी भिडली. आमच्या संग्रामसिंहांच्या मुलाने, समरजीतने, मला उपसलं आणि समोरच्या घराण्यातल्या कान्होजींच्या मुलाच्या, शंतनुच्या, बरगड्यांत खुपसलं. हाड करकरलं. माझं टोक मोडून आतच राहिलं. ते डॉक्टरांना सापडलं; मी मात्र पोलिसांना सापडले नाही. शंतनु गेला, आणि साक्षीला कुणी पुढे आलं नाही.

पुन्हा निवडणूक आली. पूर्वी राजे तहात मुली द्यायचे, तेच इथेही ठरलं. शंतनुची बहीण सीमंतिनी समरजीतला द्यायची, कान्होजींना तिकीट मिळायचं, वैर संपायचं. मला संताप आला, पण मला विचारतो कोण!

आमच्यात नवरदेव हातात कट्यार धरतो, तिच्या टोकाला लिंबू खोचतात. बाजारात भाड्याने मिळते. पण संग्रामसिंहांना भाड्याची कशी चालेल? घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न! माझ्या मोडक्या टोकावर मोठं लिंबू बसवलं, झालं.

अंतरपाट दूर झाला. लिंबू एका बाजूला कललं होतं. सीमंतिनीने हार घालता घालता ते पाहिलं आणि उपटलं.

"हिचं टोक कहाँ है?"

ती कान्होजींकडे वळली.

"बाबा, दादाच्या छातीतून निकला था, तोच तुकडा ना?"

कान्होजी पुढे झाले. हलकेच म्हणाले, "मला माहीत आहे, बेटा. लिंबू परत लाव."

तिने माझं पातं मुठीत आवळलं. समरजीतने हिसका दिला, तिची बोटं चिरली. संग्रामसिंहांनी तिच्या थोबाडीत मारली. सख्ख्या बापाने मनगट पिरगाळलं. शालू रक्ताने भिजला, वऱ्हाड बघत राहिलं. शेवटी समरजीतच्या घामेजल्या हातातून मूठ निसटली आणि ती मला घेऊन धावत सुटली, ती थेट ठाण्यात.

तिची दोन बोटं आता वळत नाहीत, असं शिपाई बोलतात. माहेराने तिचं नाव टाकलं आहे. तरी ती कोर्टाच्या प्रत्येक तारखेला एकटी हजर असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात. माझ्यावर मात्र एवढी दया करा, कोर्टात माझी पाळी येईपर्यंत मला कुणी पुसू नका. शंतनुचं रक्त त्यांनी धुऊन टाकलं. सीमंतिनीचं तरी राहू द्या.