सुंदराबाईची पन्नी

सुंदराबाईनं खोक्यावरची सुतळी तिसऱ्यांदा आवळली, तरी तिच्या जिवाला पटेना.

“भाऊ, नीट आयका. रंग बसला हाय, पन वार्निश चढवता नाही आलं. आठ दिवस झाले, उनाचं तोंड पायलं नाही. पान्याचा थेंब लागला तं सारं उतरन.”

“बाई, तुमी बेफिकीर राहा,” खुशालराव म्हणाला. “मी काय लहान पोट्टा हाय काय?”

खोकं त्याचं नव्हतं. सावरझिरीत त्याच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गंगूबाईचं होतं. आत महालक्ष्म्यांचे मातीचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. म्हातारीच्या सासूच्याही सासूपासून घरात आलेले. दर तीन वर्षांनी ते मोर्शीच्या कुंभारपुऱ्यात सुंदराबाईकडे रंगायला यायचे. या बाईचा हातच असा, की तिनं डोळे रेखले की मुखवटा आपल्याकडं बघून काही विचारतो असं वाटावं. महालक्ष्म्या बसायला पाच दिवस उरले होते आणि खुशालराव मोर्शीला निघालाच होता, म्हणून गंगूबाई म्हणाली होती, “येता येता माया लक्ष्म्या घेऊन येजो बापा.”

सुंदराबाईनं आभाळाकडं पाहिलं. मग तिनं आपल्या दाराच्या चौकटीवर ठोकलेली निळी प्लास्टिकची पन्नी खिळ्यांसकट उचकटली. पावसाची झड घरात येऊ नये म्हणून ती तिथं लावलेली होती. तीच तिनं खोक्याला चारी बाजूंनी गुंडाळली.

“तुमच्या घरात पानी येईन ना बाई.”

“माया घरात माती हाय, थे भिजली तं पुन्हा मळता येते,” ती म्हणाली. “हे नाही मळता येत.”

खोकं कॅरिअरवर बांधून खुशालराव निघाला, तो थेट शिंप्याकडं. त्याच्यासाठी मोर्शीचं खरं काम तिथं होतं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गावानं त्याला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केला होता. पाच एकर काळी, थोडा संत्रा आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस, म्हणून केला. पण अध्यक्ष झाल्यापासून खुशालरावची मान जरा ताठ झाली होती. सणाआधी मोर्शीला शांततेची बैठक व्हायची, तिथं सगळ्या गावांचे अध्यक्ष जाकिटं घालून येतात असं त्यानं ऐकलं होतं. म्हणून राखी रंगाचं जाकीट शिवायला टाकलं. चौपन्न वर्षांच्या आयुष्यातलं पहिलं.

“पान्यात नेजा नोका, काका,” शिंपी म्हणाला. “अंदरचा कपडा आकसला तं लगनातल्या वाजंत्र्यावानी दिसान.”

जाकिटाची कापडी पिशवी हँडलला अडकवून तो गावाच्या वाटेला लागला. मोटारसायकल होती, पण ती मुलाकडं अमरावतीला. सायकल जुनी, पण बापासारखी खात्रीची.

निम्म्या वाटेवर आभाळ फाटलं.

वऱ्हाडातला भादव्याचा पाऊस पाहुण्यासारखा दार वाजवून येत नाही. एका शेतात थेंब नव्हता, दुसऱ्या शेतात तुरी आडव्या झाल्या. डांबरी रस्ता सोडून शेतातल्या कच्च्या पांदीला लागला तशी काळी माती चाकाला लिपायला लागली. मडगार्डात गोळे भरले. दोन पावलं ढकलायचं, काडीनं माती काढायची, पुन्हा ढकलायचं. हँडलची पिशवी डाव्या अंगानं ओली व्हायला लागली होती.

पांदीकडेच्या बाभळीखाली तो थांबला. बाभूळ काय झाकणार! पन्नीखाली खोक्यावर पिशवी ठेवून बघितली. पन्नी पुरेना. खोकं आडवं करून बघितलं, तरी एक कोपरा उघडाच. असा तो उभा होता आणि अंगावरून पाणी पायताणात उतरत होतं.

‘खोकं जाड हाय,’ त्यानं मनाशी म्हटलं. ‘अंदर कापड हाय. कापडाच्या अंदर पेपर हाय. आता राहिलं किती, दीड किलोमीटर. तेवढ्यात काय होते?’

आणि मग त्यानं सुतळी सोडली. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता, पण हात त्याचेच होते. पन्नी काढली, जाकिटाला गुंडाळली, अगदी नीट, घड्या घालून. आणि उघडं खोकं कॅरिअरवर आवळून तो पावसात निघाला.

गंगूबाई ओसरीवर वाटच बघत बसली होती. तिचा पुतण्या योगेश मोबाईल हातात घेऊन खांबाला टेकला होता. खोकं उचललं तर खालचा पुठ्ठा लगद्यासारखा हातात आला. म्हातारीनं कापड सोडलं. ज्येष्ठा बरी होती. कनिष्ठेच्या दोन्ही डोळ्यांचं काजळ गालांवरून ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं.

गंगूबाईनं ओघळावर बोट टेकवलं, बोट काळं झालं. मग म्हणाली, “माय वं... माई लक्ष्मी रडून राहिली.”

“असं कसं झालं काका?” योगेशनं विचारलं.

त्या घटकेला खरं सांगितलं असतं, तर म्हातारी चार शब्द बोलली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण खुशालरावच्या तोंडून निघालं, “रंगच कच्चा असन तिचा. मले तं म्हने, वार्निश मारलं नाही.”

खोटं नव्हतं. म्हणून तर ते जास्त खोटं होतं.

योगेशनं फोटो काढला. रडणाऱ्या लक्ष्मीचा फोटो, खाली सुंदराबाईचं नाव, आणि ‘हिच्याजवळ मुखवटे देऊ नका’. खुशालराव घरी जाऊन अंग पुसेस्तोवर तो फोटो चार गावांत पोचला होता.

घरी त्याच्या बायकोनं, गोदाबाईनं, पिशवी रिकामी केली. जाकीट दोरीवर टांगलं, कोरडं ठणठणीत. मग तिनं पन्नी झटकली आणि हात थांबला. निळ्या प्लास्टिकवर लाल, पिवळे, शेंदरी थेंब वाळलेले होते आणि कडेला खिळ्यांची भोकं.

“हे कोनाची पन्नी हाय हो?”

“असन कोनाची तरी.”

“गंगू आत्याच्या लक्ष्म्या भिजल्या म्हन्तात. अन् तुमचं जाकीट कोरडं.”

खुशालरावनं भाकरीचं ताट पुढं ओढलं. गोदाबाईनं पन्नीची घडी घातली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. “हागनाऱ्याले लाज नाही तं पायनाऱ्याले तरी असावी म्हन्तात. मी पायलं, बस. आता तुमचं तुमी पाहा.”

ती एवढंच बोलली. आणखी बोलली असती तर त्याला भांडता आलं असतं. भाकरीचा घास त्याच्या तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाई स्वतःच आली. योगेशनं फोनवर तिला नको नको ते ऐकवलं होतं. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चिखल तुडवत, गुडघ्यापर्यंत भरलेली. हातात रंगांच्या डब्या आणि ब्रश बांधलेलं फडकं. गंगूबाईच्या ओसरीवर दहाबारा माणसं गोळा झालेली, त्यांत खुशालरावही.

“बरं झालं, अध्यक्ष अठीच हायत,” योगेश म्हणाला. “काका, तुमीच न्याय करा. पयला तंटा तुमचा.”

कोणी तरी हसलं. खुशालरावला कोणी खुर्चीही आणून दिली. तो बसला नाही.

सुंदराबाईनं कनिष्ठेचा मुखवटा मांडीवर घेतला, पदरानं हळूच टिपला. मग कोपऱ्यात पडलेला खोक्याचा लगदा बघितला. मान वर करून तिनं खुशालरावला विचारलं, अगदी हळू, “भाऊ, माई पन्नी कुठी हाय?”

त्याचे कान तापले. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं. असं कळलं, की तिनंच नजर खाली केली.

“वाऱ्यानं उडाली असन,” ती म्हणाली.

“हं,” खुशालराव म्हणाला. “उडाली.”

“ऐका!” योगेश उसळला. “आता वाऱ्यावर ढकलून राहिली. कच्चा रंग वापरला म्हनून कबूल कराले काय होते तुले? देवाच्या कामात बेइमानी!”

सुंदराबाईनं फडक्याची गाठ सोडली. ओसरीवरच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. “माया हातूनच काई चुकलं असन,” ती म्हणाली. “नजर कमी झाली बाप्पा आता. सनाच्या तोंडावर भांडन नोको. मी अठीच बसून नीट करून देतो, मंग जातो.”

खुशालरावला वाटलं, जमीन दुभंगावी. ही बाई, जिच्या दारातून रात्रभर झड आत आली असेल, ती त्याच्यासाठी खोटं बोलत होती आणि तो खांबाला धरून उभा होता.

“योगेश,” तो म्हणाला. तो खांब सोडून पुढं आला. पुन्हा म्हणाला, “योगेश, तिले बोलू नोको. मी भिजवले.”

“काय?”

“पन्नी उडाली नाही. मी काढली. माया जाकिटाले गुंडाळली. पन्नी तिची होती, तिच्या दाराची. तिनं मले बजावून सांगितलं होतं. थे पन्नी माया घरी हाय.”

मागून कोणी तरी खुसखुसलं, “जाकीट वाचलं ना पन?” आणि पाचसात माणसं तोंड दाबून हसली. गंगूबाई हसली नाही. तिच्यासमोर लहानाचा मोठा झालेला माणूस. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, “मले कालच सांगतलं असतं बापा. मी का तुले मारनार होती?”

मारलं असतं तर बरं झालं असतं. खुशालराव सुंदराबाईसमोर खाली बसला. हात जोडावे की पाय धरावे, समजेना. “बाई, माया हातून...”

ती काजळाची रेघ ओढत होती. श्वास रोखून. रेघ पुरी झाल्यावर म्हणाली, “भाऊ, थोडे सरका. उजेड अडवून राहिले.”

तो सरकला.

अध्यक्षपद त्यानं त्याच दिवशी सरपंचाकडं जाऊन सोडलं. सरपंचानंही फार आग्रह धरला नाही. योगेशनं फोटो काढून टाकला आणि दुसरा मजकूर लिहिला. पण रडणारी लक्ष्मी जेवढी पळते तेवढी माफी पळत नाही. सुंदराबाईकडं रंगायला आलेले दोन घरचे मुखवटे लोक तसेच परत घेऊन गेले होते, आणि बोरखेडीच्या पार्बताबाईनं, दर वर्षी आणायची ती, यंदा आणणार नाही म्हणून निरोप धाडला होता. हे खुशालरावला समजलं ते पन्नी परत द्यायला गेला तेव्हा. सुंदराबाईनं सांगितलं नाही. तिची रिकामी फळी बघून त्यानंच विचारून घेतलं.

पुढचे दोन दिवस त्यानं त्या तिन्ही घरांसाठी सायकल काढली. पाऊस होताच. पहिल्या घरी माणसानं उंबऱ्यातूनच ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या घरी म्हणाले, “आता परतवाड्याले देले आमी, जाऊ द्या.” प्रत्येक ठिकाणी त्याला पहिल्यापासून सांगावं लागे: जाकीट, बाभूळ, पन्नी. सांगून सांगून गोष्ट सोपी होत नव्हती. दर वेळी ‘जाकीट’ हा शब्द तो घाईघाईनं उरकत होता.

बोरखेडीला पोचला तेव्हा तो नखशिखांत भिजलेला होता. पार्बताबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं पाखडणं न थांबवता सगळं ऐकलं.

“हे सांगाले एवढ्या पान्यात आले?”

“फोनवर सांगतलं असतं तं तुमाले खरं वाटलं नसतं.”

“थेही हाय.” तिनं सूप खाली ठेवलं. आत जाऊन मुखवट्यांची पेटी घेऊन आली. खुशालरावनं नकळत हात पुढं केले. पार्बताबाईनं पेटी छातीशी धरली.

“नाही बाप्पा. रंगाले देतो मी, पन तुमच्या हाती नाही देत. राग नोका मानू.”

“नाही मानत,” तो म्हणाला, आणि खरंच मानला नाही.

तिची सून सीमा रेनकोट चढवून स्कूटीवर बसली. पेटी दोन पायांच्या मध्ये, वर पोतं, त्यावर ताडपत्री. “काका, मले कुंभारपुऱ्यातलं घर माईत नाही. तुमी चाला पुढं.”

मग सायकल पुढं आणि स्कूटी मागं, असे ते मोर्शीला निघाले. चढावर तो उतरून ढकलू लागला की सीमाही थांबायची, घाई न करता. वाटेत ओळखीचा एक जण छत्रीखालून ओरडला, “अध्यक्ष, जाकीट कुठी हाय?”

“घरी, कोरडं!” खुशालराव ओरडला, आणि खाली मान घालून पायडल मारत राहिला.

सुंदराबाईनं दार उघडलं. सीमाच्या हातून पेटी घेतली, मुखवटे काढून उजेडाकडं धरले, अंगठ्यानं जुना रंग खरवडून बघितला. सीमा परत फिरली तरी खुशालराव पागोळीखालीच उभा होता.

“दोन दिवस हायत,” सुंदराबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. “अन् वार्निश वाळत नाही अशा हवेत. दोन घमेले कोयसे पाह्यजेत, शेकाले.”

“आनतो,” खुशालराव म्हणाला आणि पावसात सायकल वळवली.